नाथसागरावर बाभळीचं बेअरिंग

ज्या माणसाचं नाव तुम्ही एखाद्या पत्रकाखाली छापलंत, त्याला ते पत्रक तुम्ही कधी वाचून दाखवलंत का?

उत्तर लगेच देऊ नका. मला हे कुणी मे महिन्यात विचारलं असतं, तर मी छाती पुढे काढून 'हो' म्हटलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. माझं लहानपण पत्रकांत गेलं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत बाबांचा छापखाना होता. पायानं मारायचं एक ट्रेडल मशीन, टाइपाचे खण आणि अंगाला चिकटणारा शाईचा वास. वर्गातल्या मुलींच्या वह्यांच्या कव्हरांवर फुलं असायची, माझ्या वहीवर 'जाहीर निषेध'. अन्याय दिसला की आवाज करायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात ते जेवणासारखं होतं.

बाबा दिवाळीनंतर गेले. मागे राहिलं ते मशीन, आणि एक शिडाची होडी.

हसा खुशाल. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या छत्रपती संभाजीनगरात कुणाच्या वारशात शिडाची होडी येत नाही. बाबांनी ती कोकणातल्या एका खाडीवरून जुनी घेतली, ट्रकवर घालून पैठणला आणली आणि धरणाच्या पाण्यात, नाथसागरात, सोडली. बावीस फूट लांब, एक डोलकाठी, पोटात एक सिलिंडरचं डिझेल इंजिन. नाव ठेवलं 'निवेदन'. दोन वर्षं दर रविवारी आम्ही बापलेक ती चालवायला शिकत होतो. कशाला घेतली, असं विचारलं की म्हणायचे, "काम आहे."

ते काम मला त्यांच्या मागे होडीच्या खणात सापडलं. प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळं पडलेलं पत्रक होतं, धरणग्रस्तांचं, माझ्या जन्माआधीचं. खाली अकरा नावं. त्यातल्या 'किसन' या नावापुढे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "याला दगडावर न्यायचं. तिथं वाचून दाखवायचं. राहिलं."

कुठला दगड ते मला माहीत नव्हतं. 'राहिलं' मात्र कळलं. जूनच्या सुरुवातीला मी एकटीच निघाले.

पैठणहून वर

पैठणला तुम्ही गेला असाल. समाधीला हात जोडले असतील, पैठणी हातात घेऊन भाव ऐकून परत ठेवली असेल, धरणाच्या भिंतीवर उभं राहून फोटो काढला असेल. पाण्यावर मात्र बहुतेक गेला नसाल. म्हणून सांगते. भिंतीवरून जे पाणी निळं दिसतं, ते आत गेल्यावर चहासारखं असतं. सकाळी ते इतकं निपचित पडलेलं असतं, की बगळा उडाला तर त्याच्या पंखांचा आवाज होडीपर्यंत येतो. अकराच्या पुढे पश्चिमेचा वारा उठतो आणि मग हाच तलाव अंगावर धावून येतो. वर, म्हणजे पश्चिमेला, जायचं असेल तर सकाळी इंजिनावर जायचं. परत येताना शिडावर. हे बाबांचं वेळापत्रक.

पहिल्या सकाळी तासभर इंजिन चालवलं आणि फळीवर ठेवलेला चहाचा ग्लास आपोआप चालू लागला. चालत चालत कडेला गेला आणि पाण्यात पडला. मग सगळी होडी थरथरायला लागली. पायाखालून खड् खड् खड् असा आवाज.

कारण साधं होतं. इंजिनापासून एक लांब दांडा, शाफ्ट, होडीच्या पोटातून मागे बाहेर जातो. त्याच्या टोकाला पंखा असतो. दांडा जिथून बाहेर पडतो तिथल्या नळीत एक बेअरिंग असतं. बाहेरून पितळेची नळकांडी, आतून रबराचं अस्तर, अस्तरात लांब खाचा. दांडा त्या रबरात फिरतो आणि खाचांतून येणारं पाणीच त्याला गार आणि निसरडं ठेवतं. आमचं रबर झिजून संपलं होतं. दांडा नळीत मोकळा नाचत होता. तसंच चालवलं असतं तर नळी फुटून होडीत पाणी आलं असतं.

इंजिन बंद केलं. वाऱ्याची वाट बघितली. मग शीड लावून तिरकं तिरकं जात, एका गावाच्या अंतरासाठी पाच तास घालवत, दुपारी नव्या शेवरखेड्याच्या काठाला लागले. किसन तिथंच राहतात, एवढं मी शोधून ठेवलं होतं. जुनं शेवरखेडा पाण्याखाली आहे.

नवं शेवरखेडा

किसनआबा ऐंशीच्या घरातले, उंच, कमरेत थोडे वाकलेले. हात मात्र असे, की एखाद्या तरुणाचे उसने आणलेत असं वाटावं. मी बाबांचं नाव सांगितलं.

"भाऊची पोरगी व्हय तू?" ते म्हणाले. "भाऊ न्हाई आला?"

मी सांगितलं. त्यांनी पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "म्हणला होता, नेतो म्हून. औंदा दगड वर आलाय. सहा वर्सं आला नव्हता. वरल्या धरणातून पाणी सुटलं की गेला."

"चालत नाही जाता येत?"

"भोवती गाळ हाय, कंबरंइतका. बैल रुतला मागं. होडीबिगर नाय."

असं होतं ते. दगड वर होता, आबा होते, होडी होती. बेअरिंग नव्हतं, आणि नाशिककडे ढग जमायला लागले होते.

आबांची सून मंदा हिनं एका ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. होडी ओंडक्यांवरून काठावर ओढून घेतली. आता शाफ्ट काढायचा होता. हे काम दोन माणसांचं आहे. एकानं बाहेरून दांडा ओढायचा, दुसऱ्यानं आतून टोक धरायचं, नाहीतर ते आपटतं आणि वाकतं. मी बाबांच्या सगळ्या जुन्या साथींच्या ग्रुपवर संदेश टाकला: "शेवरखेड्याला एक माणूस हवा. दोन दिवस." संध्याकाळपर्यंत अंगठे आले, मुठी आल्या, 'लढत राहा' आलं. माणूस आला नाही. बाबांच्या शोकसभेत हीच माणसं जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभी होती.

म्हणून मी आतलं टोक प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकवलं, खाली गोधडी घातली, बाहेर येऊन दांडा बोटभर ओढला, परत आत गेले, खुर्ची सरकवली, परत बाहेर आले. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही.

बाभळीच्या सावलीला बसलेले आबा तीनदा म्हणाले, "म्या धरू का?"

"नको आबा, तुम्ही बसा. तुम्ही पाहुणे."

जुनी पितळी नळकांडी नळीत घट्ट बसली होती. ती काढायची तर करवतीचं पातं फडक्यात धरून नळकांडी आतून लांबीनं कापायची, पण भोवतालच्या नळीला ओरखडाही येता कामा नये. बोटांच्या अंदाजानं कापायचं. चार तास लागले. मग ती दुमडली आणि निघाली. माझ्या तळहाताला फोड आले होते. मंदानं भाकरी, येसराची आमटी आणि वाटीभर ठेचा आणून दिला. मी होडीच्या सावलीत एकटीच जेवले. समोर पाणी, आणि बाबांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये पहिला.

चिकलठाणा

ज्यांनी होडी विकली त्या कोकणातल्या काकांना फोन केला. "परदेशी तयार मिळतं की! मागवा. महिन्यात येईल," ते म्हणाले.

महिना माझ्याकडे नव्हता. पण खरं सांगायचं तर वेळेचा विचार येण्याआधीच माझं डोकं तापलं. ज्या शहरात अर्ध्या देशाच्या गाड्यांचे सुटे भाग कातले जातात, तिथल्या मुलीनं वीतभर नळकांडीसाठी परदेशी डब्याची वाट बघायची? एसटीनं शहरात आले आणि तडक चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सलीमभाईंच्या शेडमध्ये गेले. सलीमभाई लेथवर काम करणारे जुने कारागीर. बाबांच्या मशीनचे दांडे तेच कातून द्यायचे.

त्यांनी जुना तुकडा उजेडात धरला. "ये तो रबर पूरा खा गया, बाई. कौनसी गाडी का है?"

"गाडीचं नाही. होडीचं."

"सुबू सुबू मजाक नक्को करो."

"खरंच होडीचं."

"हौ? फिर ग्रीस किधर से देते इसको?"

"ग्रीस नाही. पाण्यावर चालतं."

"पानी से तो जंग लगता, बेटा." पण बोलता बोलता त्यांची करंगळी खाचांतून फिरत होती. फिरली आणि थांबली. "अच्छा. नालियाँ. पानी अंदर, गरमी बाहर." ते स्वतःशीच हसले. "जिसने बनाया, दिमाग से बनाया."

त्यांनी पितळ कातलं. शेजारच्या टायर रिमोल्डवाल्याकडून आत रबर बसवून घेतलं, खाचा पाडल्या. देताना म्हणाले, "एक बात याद रखना. ये सादा रबर है. तेल लगा तो फूलता. दूर रखना तेल से."

मी ते डायरीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. डायरी पिशवीत ठेवली.

पुन्हा काठावर

बेअरिंग नळीत बसवण्याआधी ते आकसलं पाहिजे. पैठणच्या मासळीवाल्याकडून बर्फाची पेटी आणली होती. त्यात पितळ रात्रभर ठेवलं. सकाळी ते माशाच्या वासासह बाहेर काढलं, नळीत सरकवलं आणि लांब आट्याच्या दांड्यानं पाना फिरवत फिरवत आत ओढून घेतलं. अगदी सुळकन गेलं.

बाभळीखालून आबा उठून जवळ आले. डोळे चमकत होते. "गार करून घातलंस?"

"हो. गार झालं की आकसतं. मग आत जाऊन फुगतं आणि घट्ट बसतं."

"आमी उलटं करायचो," ते म्हणाले. "बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असतीय ना, ती तापवून लाल करायची. मोठी व्हती. मंग चाकावर बसवायची अन् पाणी मारायचं. अशी आवळती, की चाक वरडतंय. त्यासाठी दगड लागतो. हा एवढा गोल, मधी भोक. चाकाची नाभ त्या भोकात बसती, चाक सपाट ऱ्हातंय. माझ्या बापानं घडवला दगड. म्या त्यावर किती धावा चढवल्या, त्याचा हिशेब नाय."

तेव्हा मला कळलं, कुठला दगड. मी 'अच्छा' म्हटलं आणि शाफ्ट आत घालायला वळले. हे लिहिताना मला त्या 'अच्छा'ची लाज वाटते.

शाफ्ट बसला. इंजिन आणि शाफ्ट यांच्या जोडाच्या दोन चकत्या एकमेकींना सगळीकडून सारख्या टेकल्या पाहिजेत. ती फट मोजायला माझ्याकडे पातं नव्हतं, म्हणून पत्रकाचा कागद कापून पट्ट्या केल्या. बाबा मशीनवर टाइपाखाली हेच करायचे. एक कागद, अर्धा कागद. चारही बाजूंनी पट्टी सारखी अडकायला लागली, तेव्हा बोल्ट आवळले. पंखा दोन बोटांनी फिरवला. फिरत राहिला.

पण ट्रॅक्टर पेरणीच्या गडबडीत अडकला होता. तीन दिवस होडी काठावरच राहिली. मंदाचा फोन रोज सांगायचा, नाशिककडे पाऊस, धरणं भरायलीत.

चौथ्या सकाळी ट्रॅक्टर आला. मी सवयीनं पंखा फिरवला. फिरला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. जणू कुणी आतून दांडा मुठीत धरलाय. वाकून बघितलं तर नळीच्या तोंडाशी काळं, चकचकीत काहीतरी होतं. हुंगलं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल.

"इथं तेल कुणी घातलं?" मी ओरडले.

"म्या," आबा म्हणाले. अभिमानानं म्हणाले. "तीन सकाळी घातलं. तू च्या प्यायला जायचीस तवा. कोरडं चाक घराबाहेर काढायचं नसतंय, पोरी. ज्यानं चाक बसवलं त्यानं वंगण द्यायचं, मंगच गाडी पहिल्या वाटंला लागती. तुला कुणी शिकवलं नसंल, म्हून म्या गुमान घातलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? सगळं फुगलं आत! संपलं!"

"कुणी सांगितलं नाय," ते म्हणाले. "मला कुणी कायच सांगितलं नाय."

आणि हातातली काठी तिथंच सोडून घराकडे चालू लागले.

मंदा चहाची किटली घेऊन तिथंच उभी होती. "ताई, मामंजीनं हात लावला म्हून वरडता," ती म्हणाली. "पण आठ दिस झालं, बसा म्हणता, पाहुणे म्हणता. त्यांनी उभ्या जन्मात चाकाबिगर काय केलंय? खुर्चीला धरायला लावलं तुमी, त्यांना नाय."

ट्रॅक्टरवाला दुसऱ्या रानात निघून गेला. मी त्या काठावर बसून राहिले. भाषणं देणारी मी. 'माहिती हा हक्क आहे' हे वाक्य मी किती भिंतींवर रंगवलंय. आणि डायरीत दोन रेघा मारून ठेवलेली एक ओळ मी त्या माणसाला वाचून दाखवली नव्हती, कारण त्याला ती कळायची गरज आहे हे माझ्या मनातच आलं नाही.

दुपारी आबांच्या दारात गेले. आबा खाटेवर पाठ करून पडले होते. मी जमिनीवर बसले आणि सांगायला सुरुवात केली. इंजिन, दांडा, नळी, पितळ, रबर, खाचा. पाणी कुठून येतं, कुठून जातं. साधं रबर तेलानं का फुगतं. जुनं, कापून काढलेलं बेअरिंग पुढे ठेवलं.

आबा हळूहळू वळले. मग उठून बसले. खाचांतून बोट फिरवलं, अगदी सलीमभाईंसारखं.

"म्हंजे पाणीच वंगण."

"हो."

"रहाटावाणी," ते म्हणाले. "आमच्या मळ्याच्या विहिरीवर लाकडी रहाट होता. त्याचा कणा लाकडातच फिरायचा. वरून पाणी गळायचं सारखं. त्याला बापजन्मी कुणी तेल लावलं नाय. बाभळीचा होता." मग म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंस तर?"

"चुकले, आबा."

"मला रबर ठाव नाय. पर बाभूळ ठाव हाय." ते गोठ्याकडे निघाले. तिथं मोडक्या गाडीची एक नाभ पडली होती, त्यांनीच घडवलेली, पन्नास वर्षं वाळलेली. त्यांनी ती दोरीला बांधली आणि विहिरीत सोडली.

"आबा, पाण्यात कशाला?"

"पिऊ दे आधी. पोटभर."

शेडमधले दोघं

दोन दिवसांनी एसटीत माझ्या मांडीवर नळीतून परत ओढून काढलेली पितळी नळकांडी, पायाशी पोत्यात ओली नाभ, शेजारी आबा. कंडक्टरनं विचारलं, "यात काय?" आबा म्हणाले, "चाकाचं काळीज." तो तिकीट फाडून पुढे गेला.

आबांनी शहर बघितलं ते खिडकीतून, आणि एकच शेरा मारला: "चाकं लई झालीत. पर ऐकू येत नायत."

सलीमभाईंनी लाकूड बघून कपाळाला हात लावला. "लकडी? मेरे लेथ पे? भूसा घुसता अंदर, चाचा."

"घुसू द्या. म्या झाडून देतो."

"और ये तो गीली है! सुखा के लाओ, फिर बोर मारता मैं."

"आता कामून सुकवायची?" आबांचा आवाज चढला. "सुकी असताना भोक पाडलं अन् पाण्यात जाऊन फुगली, की मंग दांडा परत आवळला. या पोरीचं तेच झालंय. जशी पाण्यात ऱ्हाणार तशीच ती आत्ता पायजे. मंग भोक पाडा."

सलीमभाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "हौ," ते म्हणाले. "ये बात तो है." मग आबांना स्वतःचं स्टूल दिलं. त्या शेडमध्ये ते एकच स्टूल आहे. "कित्ते साल काम किये, चाचा?"

"धरण येईस्तोवर."

लेथ सुरू झाला. पितळेतलं फुगलेलं रबर कापून काढलं, बाभळीचं नळकांडं त्यात बसलं. आबांनी छिन्नीनं आतून सहा खाचा पाडल्या. सलीमभाईंनी मोजायचं यंत्र लावलं, मान हलवली आणि मला म्हणाले, "बेटा, इनका हाथ देख. मेरा मशीन शरमा रहा."

जेवायला सलीमभाईंच्या घरून नान-खलिया आला होता. आबा मटण खात नाहीत. त्यांनी नान घेतला आणि मंदानं दिलेला ठेचा सोडला. सलीमभाईंनी हौसेनं बोटभर ठेचा चाटला आणि पाच मिनिटं नळाखाली तोंड धरून उभे राहिले.

"ह्याला बी पाण्याचंच वंगण लागतंय," आबा मला म्हणाले.

त्या महिन्यात मी तेव्हा पहिल्यांदा हसले.

जुनं शेवरखेडा

यावेळी शाफ्टचं आतलं टोक आबांनी धरलं. खुर्ची अंगणात परत गेली. सगळं काम अर्ध्या दिवसात झालं.

त्याच दुपारी मंदा धावत आली. वरून पाणी सुटलं होतं.

ट्रॅक्टरवाल्याला गाठून संध्याकाळी होडी पाण्यात घातली आणि उजाडायच्या आत निघालो. इंजिन सुरू केलं, खाली कान लावला. खडखड नाही, काही नाही. नुसती एक ओली गुणगुण. ग्लास फळीवर जागच्या जागी उभा होता. आबा सुकाणूजवळ बसून बोट दाखवत होते. खुणा सगळ्या बुडालेल्या, पण त्यांना त्या दिसत होत्या. "ही गावची येस. हा चिंचंचा पार. आता डावीकडं. हळू. इथून आमची आळी."

इंजिन बंद केलं. काठीनं तळ चाचपत पुढे गेलो. दगड दिसेना.

"गेला," मी म्हटलं.

"थांब." आबांनी काठी माझ्याकडून घेतली. इकडे टोचली, तिकडे टोचली. एका ठिकाणी ठक् असा आवाज आला. वीतभर पाण्याखाली होता.

मी नांगर टाकला. आबा माझा खांदा धरून उतरले, दगडावर उभे राहिले आणि मग सावकाश त्यावर बसले, कमरेपर्यंत पाण्यात. हात खाली घालून मधलं भोक शोधलं. मूठ त्यात बसवली. मी होडीच्या कडेवर पाय पाण्यात सोडून बसले होते. चहूबाजूंनी पाणी, कुठं माणूस नाही.

"वाच," ते म्हणाले.

मी पिशवीतून पत्रक काढलं. "आम्ही, खाली सह्या करणारे..."

"म्या सही केली नाय."

मी थांबले. "मग तुमचं नाव कसं?"

"भाऊ आला, म्हणला, किसन, तुझं नाव घालतो. म्या म्हणलं, आत काय लिवलंय? म्हणला, मोर्चा निघायलाय, नंतर वाचून दावतो." ते पाण्यात हात हलवत होते. "चांगला माणूस. आमच्यासाठी काठ्या खाल्ल्या त्यानं. पर लई घाईत असायचा. तू घाईत हायेस का?"

"नाही," मी म्हटलं. पाणी चढत होतं, तरी नाही म्हटलं.

सगळं वाचलं. किती जमीन गेली, किती घरं, विहिरी, देऊळ, शाळा. आंब्याची आणि चिंचेची झाडंसुद्धा मोजलेली होती. बाबांचं काम चोख असायचं. आबा एकेका ओळीला मान हलवत होते. मग नावं आली.

"किसन, कंसात शेतमजूर."

"काय?"

मी परत वाचलं.

"म्या कुणाच्या शेतात मजुरी केली नाय. माझ्या हातच्या गाड्या पाच गावांत चालायच्या." त्यांनी भोकातली मूठ बाहेर काढली. "दगडाचं काय लिवलंय?"

मी वरपासून खालपर्यंत परत बघितलं. "काही नाही, आबा."

"झाडं मोजली?"

"हो."

"हं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "खोड ते शेतमजूर."

बाबांच्या पेन्सिलीचा तुकडा पिशवीतच होता. गुडघ्यावर कागद धरून मी खोडलं. "गाड्या करणारा, असं लिहू?"

"गाडी कुणीबी करतंय. धाव चढवणारा लिही."

लिहिलं. मग 'राहिलं' या शब्दावर एक रेघ मारली. ते अक्षर बाबांचं होतं, म्हणून हात जरा थांबला. पण मारली.

परतताना वारा मागून होता. शीड फुगलं, इंजिन लावावंच लागलं नाही. आबा ओल्या धोतरानं डोलकाठीला टेकून झोपले. एकदा डोळे उघडून म्हणाले, "बाभूळ टिकंल. झिजलं तवा मी नसलो तर दुसऱ्या कुणाला इचार, पर तेल घालू देऊ नको. अन् आधी सांग त्याला."

दोन दिवसांनी तिथं पुरुषभर पाणी होतं, असं मंदानं कळवलं.

गुलमंडी

आता मी घरी आहे. छापखान्याचं शटर बंद आहे. संध्याकाळी गल्लीत कापडाच्या दुकानांची आवराआवर सुरू होते, त्या आवाजात मी बाबांच्या जुन्या फायली काढून बसते. त्या एका पत्रकावरची दहा नावं बाकी होती. त्यातल्या चौघांचा पत्ता लागला. दोघं हयात नाहीत. एकाच्या मुलाला मी ते वैजापूरला जाऊन वाचून दाखवलं. त्याच्या वडलांचं नाव चुकीचं छापलं होतं. इतकी वर्षं घरात कुणाला कळलंच नव्हतं. बाबांवर माझं प्रेम तेवढंच आहे. त्यांनी राहिलेलं काम स्वतः लिहून ठेवलं होतं, हे मी विसरत नाही. पण ज्यांचं नाव घेऊन आपण ओरडतो त्यांना आपण बाभळीखाली बसवून ठेवतो, हेही आता मला विसरता येणार नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्याही घरात, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, एखादं पत्रक असेल. निवेदन, अर्ज, सह्यांचा कागद, काहीही. या रविवारी तो काढा आणि खालून वाचायला लागा. एक नाव निवडा. त्या माणसाच्या दारात जा, बसा, आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवा. तो जिथं थांबवेल तिथं थांबा. जाताना पेन्सिल घेऊन जा.